ऑफ झाले

तुळजाबाई शाळेची पायरी चढल्या नव्हत्या, पण नवरा कारभारी वीज खात्यात लाइनमन असल्यानं ‘ऑफ’ हा शब्द त्यांच्या तोंडी रोजचाच. वीज गेली की लाइन ऑफ, कारभारींना सुट्टी मिळाली की तेही ऑफ. मस्तगडला दोन खोल्यांत त्यांचा संसार होता.

शेजारच्या उमाताई कचेरीत कामाला. त्यांचे सासरे वारले त्या सकाळी उमाताई दारात येऊन एवढंच म्हणाल्या, “बाबा ऑफ झाले.”

“कामाला जात व्हते का ते?” तुळजाबाईंनी विचारलं, आणि पुढच्या क्षणी उमाताईंचा चेहरा बघून जीभ चावली. कचेरीतली माणसं मरणालाही हेच म्हणतात, हे त्यांना तेव्हा कळलं.

एक्याण्णवच्या मे महिन्यात वादळ झालं. जांब समर्थ गावाच्या बाजूचे विजेचे खांब आडवे पडले आणि कारभारींना तिकडं पाठवलं. दोन-तीन दिवस निरोप नाही. मग एका दुपारी उमाताईंच्या घरचा फोन वाजला. खरखरीतून कुणीतरी ओरडत होतं, “कारभारी ऑफ झाले, घरी सांगा!” आणि लाइन तुटली.

उमाताई धावत आल्या. “तुळजाबाई, फोन आला होता. कारभारी ऑफ झाले.”

“झाले का? बरं झालं बाई. पाणी तापायला ठेवते.”

उमाताईंनी त्यांचा हात धरला. “तसं नाही हो. आमच्या बाबांसारखं.”

तुळजाबाई जागच्या हलल्या नाहीत. हातातलं पातेलं तसंच. “न्हाई,” त्या म्हणाल्या. “ऑफ म्हंजे सुट्टी.” असं त्या पुन्हा पुन्हा सांगत राहिल्या, पण तोवर गल्ली गोळा झाली होती. कुणी रडायला लागलं. गल्लीतल्या म्हाताऱ्या द्वारकाबाईंनी तुळजाबाईंचं कुंकू पुसलं, हात ओट्यावर आपटून बांगड्या फोडल्या. तुळजाबाईंच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही.

ऊन उतरताना कारभारी खांद्यावर पिशवी टाकून गल्लीत शिरले. दाराशी गर्दी बघून त्यांनी भराभर पावलं उचलली. “काय झालं? तुळजा कुठं हाय?”

एक बाई किंचाळली. गर्दी दोन्ही बाजूंनी मागं सरकली. समोर बायको, कपाळ पांढरं, मनगटावर रक्त.

“कोण गेलं?”

“तुमी,” तुळजाबाई म्हणाल्या.

कारभारींना उलगडा होईना. उमाताईंनी फोनचं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “मीच फोन करायला सांगितलं व्हतं. ड्यूटी ऑफ झाली, घरी कळवा म्हणून.”

तुळजाबाई पुढं झाल्या, त्यांचा सदरा दोन्ही मुठींत धरला आणि तेव्हा कुठं मोठ्यानं रडल्या. उमाताई भिंतीला टेकून खालीच बसल्या.

दुसऱ्या दिवशी उमाताई कासाराला घेऊन आल्या. हिरव्या बांगड्या भरताना जखमेला धक्का लागला की तुळजाबाई हात आखडत. “माफ करा हो,” उमाताई म्हणाल्या.

“तुमी तरी काय कराल? तोच शब्द आल्ता.”

भांडण झालं नाही, जाणं-येणंही सुटलं नाही. पण तुळजाबाईंची धास्ती गेली नाही. कारभारी झोपले की त्या नाकाशी बोट धरून बघत. पुढं घरात फोन बसला, कारभारी निवृत्त झाले, तरी फोन उचलला की समोरच्याला बोलू देण्याआधी त्या विचारायच्या,

“माणूस जित्ता हाय का, ते पहिलं सांगा.”