काकीचा खुबा आणि देवाचा कौल

फसवली गेली माझी काकी, मालवणात मासे विकणारी. कधी कळलं, तेही सांगते: दोन वर्षांपूर्वी, तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेदहाला. डॉक्टरांनी सांगितलं, खुब्यात बसवलेला धातूचा सांधा झिजून त्याचा कीस रक्तात उतरतोय. कंपनीने तसले सांधे बाजारातून कधीच परत मागवले होते. काकीला कळवायचं मात्र कोणाला सुचलं नाही. पुन्हा ऑपरेशन, पुन्हा काठी.

मी ग्राहक हक्कांची पत्रकं वाटणारी मुलगी. मला हे कळलं तेव्हा ग्राहक आयोगात जायच्या दोन वर्षांच्या मुदतीतले आठ दिवस उरले होते.

"इतके दिवस काय केलंस गो?" मी काकीला विचारलं.

"देवाकडे गाऱ्हाणां घातलंय. तेचो कौल घेतल्याशिवाय दुसऱ्या दारात कसां जावचां?"

आणि कौल घ्यायला देवळाच्या पायऱ्या चढाव्या लागतात, खुब्याला त्या जमत नव्हत्या! मी कपाळावर हात मारला. सोमवारी माझ्या दोघा भावांनी तिला खुर्चीसकट वर नेलं.

गुरवाने देवाच्या अंगाला दोन्हीकडे फुलांच्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर जा, डावी पडली तर थांब. मी त्याच्या हातात हॉस्पिटलच्या फाइलमधलं सांध्याचं स्टिकर दिलं.

"बा देवा महाराजा, ह्या लेकराच्या खुब्यात खोटो सांधो घातल्यानी..."

"होय महाराजा!" सगळे ओरडले.

मग त्याने स्टिकरवरचा नंबर वाचायला घेतला. प्रत्येक आकड्याला "होय महाराजा!" एवढ्या एकमताने कंपनीचा नंबर कोणी ऐकला नसेल. कळी मात्र हलेना. अर्धा तास गेला.

"देवा, बेगीन सांग," काकी खुर्चीतून म्हणाली, "बस चुकतली माझी."

उजवी पडली. मी चक्क शिट्टी मारली.

तक्रार मी रागाने चार पानं लिहिली. निर्लज्ज, नफेखोर, सगळं होतं त्यात.

काकीने ऐकून घेतलं. "ह्या काय भाषण? गाऱ्हाण्यात सांगतत तसां लिही. कोणी, कधी, काय केल्यानी, आणि माका काय होया."

काकीला हवी ती भरपाई धरून दीड पान झालं. वकील नव्हता, लागतही नाही. कंपनी आणि सांधा पुरवणारा, दोघांवर तक्रार घातली. स्टिकरची प्रत, रक्ताचे रिपोर्ट, दोन्ही ऑपरेशनचे कागद जोडले. मुदतीला तीन दिवस असताना दाखल झाली. निकाल यायचाय. कंपनीला नोटीस गेली त्या दिवशी काकीने बाजारात सगळ्यांना चहा पाजला.

आता तुम्ही. घरात कोणाच्या खुब्यात धातू आहे? उठा, फाइल काढा, स्टिकरवरचा नंबर परत मागवलेल्या सांध्यांत आहे का ते डॉक्टरांना विचारा. स्टिकर नसेल तर हॉस्पिटलकडे लेखी मागा. सांधा काढायचा असेल तर काढलेला तुकडा आपल्या ताब्यात घ्या, टाकू देऊ नका. कळून दोन वर्षं उलटली असतील तर उशिराचं कारण लिहा, पण तक्रार घाला. आजच घाला.