भिंतीतलं ताक
हिंग घातलेल्या ताकाचा वास आला की उत्तरेत ब्रह्मा घाटाजवळचा आमचा फ्लॅट दुरुस्तीला काढला होता ते दिवस आठवतात. खोल्या वाकड्यातिकड्या, आणि मधली भिंत पाडावी तर वरचे दोन मजले तिच्यावरच उभे. देवांना जागाच मिळेना, म्हणून साताऱ्याहून नुकतीच राहायला आलेली आई देवांची पेटी घेऊन परत निघाली होती. तेवढ्यात भिंत ठोकून बघत मिस्त्री तिला म्हणाले, “माताजी, ताक चाहिए? पुराना है.” “जुनं कशाला, आत्ताच घुसळलंय,” म्हणत आईने पेला भरून दिला. मिस्त्रींनी तो हसत संपवला आणि भिंतीतला बुजवलेला कोनाडा मोकळा केला. हिंदीत त्यालाच ताक म्हणतात. देव तिथे बसले आणि आई सात वर्षं राहिली. आता ती नाही, पण दिवा लावताना माझा पहिला नमस्कार अजून त्या मिस्त्रींनाच जातो.