विदाऊट इश्यू

लॉ कॉलेजात नाव घातलं तेव्हा मी एकेचाळीस वर्षांची होते. पहिल्या दिवशी वर्गात शिरले तर सगळी मुलं उठून उभी राहिली. त्यांना वाटलं, मॅडम आल्या. मी आपली मान खाली घालून शेवटच्या बाकाकडे चालत गेले, तशी एकेक करून खाली बसली. हे मी दुपारी येऊन ह्यांना सांगितलं, तर ह्यांना इतकं हसू आलं की धारगळच्या स्टॉपवर बस थांबवायची राहिली आणि उतरणारी दोन माणसं ओरडायला लागली.

हे म्हणजे माझे यजमान. हळर्ण ते म्हापसा जाणाऱ्या खाजगी बसवर कंडक्टर होते. सकाळी साडेसहाच्या ट्रिपला मला पुढची, ड्रायव्हरच्या मागची सीट. ती सीट माझी, हे सगळ्या पेडण्याला ठाऊक होतं. शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला जाणाऱ्या बायका पाट्या घेऊन दारापर्यंत लोंबकळत असायच्या, तरी त्या सीटवर ह्यांची पिशवी. कोणी बसायला गेलं की म्हणायचे, "ती वकिलिणीची. बसशात तर केस घालीत तुमच्यार." म्हापशाला उतरून मी पणजीची बस धरायची. कॉलेज सुटलं की परत म्हापशाच्या स्टँडवर येऊन ह्यांच्या ट्रिपची वाट बघत उभी राहायची. असं तीन वर्षं. म्हणजे, अडीच.

तुम्ही विचाराल, ह्या वयात हे कुठून सुचलं? माझी शाळा सातवीला सुटलेली. माहेर डिचोलीचं, पाठीवर भावंडं, शाळा सुटली त्याचं कोणाला विशेष काही वाटलं नाही, मलाही नाही. लग्न होऊन हळर्णला आले, आणि मग घरात दुपारी करायला काही नसायचं म्हणून वाचायला लागले. हे बसमध्ये लोकांची विसरलेली पुस्तकं आणायचे, मालक आठ दिवसांत आला नाही की ती माझी. त्यातून मॅट्रिक झाले, मग घरीच अभ्यास करून, बाहेरून परीक्षा देऊन बी.ए. झाले, मराठी घेऊन. तोवर गावात मी अर्ज लिहिणारी म्हणून माहीत झाले होते. रेशनकार्ड, रहिवासी दाखला, मुंडकाराचं, म्हणजे भाटकाराच्या जमिनीत राहणाऱ्या कुळाचं, घर नावावर करायचा अर्ज, काय वाट्टेल ते. लोकांबरोबर मामलेदार कचेरीत जायची. तिथे अर्ज लिहिणारीला कोणी बस म्हणत नाही, वकील आला की खुर्ची सरकवतात. एकदा दोन तास उभी राहून घरी आले आणि ह्यांना म्हटलं, "माका ती खुर्ची व्हयी." हे म्हणाले, "मगे शिक." एवढंच. ना कधी, ना कसं, ना लोक काय म्हणतील.

आम्हाला मूल नव्हतं. का नव्हतं, ते विचारणारी माणसं गावात पुष्कळ होती, म्हणून मी इथे सांगत बसत नाही.

कॉलेजात सगळं इंग्रजी. मुलं कोणी कॉमर्स करून आलेली, कोणी सायन्स, इंग्रजी त्यांच्या तोंडात बसलेलं. माझं बी.ए. मराठीचं, आणि इंग्रजी म्हणजे डिक्शनरी मांडीवर घेऊन लावलेलं. मी लांब वह्या घ्यायची. डाव्या पानावर मॅडमचं इंग्रजी, उजव्या पानावर माझं मराठी. दुसऱ्या वर्षी आम्हाला गोव्याचा कौटुंबिक कायदा आला. तो शिकवायला सासष्टीकडच्या एक बाई होत्या, पांढरे केस, आवाज अगदी मऊ. आमच्याकडे पोर्तुगिजांच्या वेळचा कायदा अजून चालतो, तो असा की लग्न झालं की नवऱ्याचं जे काही आहे त्यातलं अर्धं बायकोचं. हे मी त्या दिवशी बसमध्ये चढता चढताच ह्यांना सांगितलं. "अर्धं घर माझं आहे, ठाऊक आहे?" हे म्हणाले, "मगे अर्ध्या घराचो केर मी काढूचो नाय."

पुढच्या आठवड्यात वारसा सुरू झाला. बाईंनी फळ्यावर एक उदाहरण घातलं. "ए डाइज विदाऊट इश्यू." आणि नेमकी मलाच उभी केली, सांगा ह्याचा अर्थ काय. मला इश्यू म्हणजे भानगड, तक्रार एवढं ठाऊक. मी सांगितलं, मॅडम, तो मेला, पण काही तक्रार न ठेवता मेला. शांतपणे गेला.

वर्ग हसला. अहो, हसला म्हणजे काय, पुढच्या बाकावरच्या मुलीने डोकंच बाकावर ठेवलं. बाईसुद्धा हसल्या, पण लगेच हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि म्हणाल्या, कायद्यात इश्यू म्हणजे मूलबाळ. विदाऊट इश्यू म्हणजे निपुत्रिक. मी बसले. उजव्या पानावर लिहिलं, "निपुत्रिक". अक्षर बरं आलं होतं, अजून आहे ती वही.

त्या दुपारी बस अर्धी रिकामी होती. मी ह्यांना आधी फक्त हसण्याची गोष्ट सांगितली. हे माझ्या सीटच्या दांड्याला टेकून उभे. पोट धरून हसले, मग विचारलं, "मगे खरो अर्थ काय तो?" मी सांगितला. कोलवाळच्या पुलाआधी ह्यांनी बस थांबवली. दोन माणसं उतरली, एक चढलं. पूल संपल्यावर वाकून माझ्या कानाशी म्हणाले, "तुझाच इंग्लिश बरा गो. आपण तुझोच अर्थ धरूया."

आणि तोच धरला. तेव्हापासून आमच्या घरात कुठलीही गोष्ट नीट पार पडली की ती विदाऊट इश्यू. बस वेळेवर पोचली, विदाऊट इश्यू. गणपती शाकारलेल्या घरात न भिजता बसले, विदाऊट इश्यू. ड्रायव्हरसुद्धा म्हणायला लागला. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक.

पण त्याच धड्यात पुढे एक होतं ते मी ह्यांना सांगितलं नाही. मूल नसलेला माणूस गेला, तर बायकोचं अर्धं बायकोला राहतं. त्याचं स्वतःचं अर्धं मात्र आधी आईबापांना, ते नसले तर भावंडांना. बायको त्यांच्या मागे. मी वहीत वारसांचा जिना काढला होता, पहिल्या पायरीवर मुलं, आणि बायकोला चौथ्या पायरीवर उभी केली होती. ह्यांचे आईवडील कधीच गेलेले. धाकटा भाऊ एक, डिचोलीला खनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर. माणूस साधा, पण त्याला बायकोमुलं होती. आता, ह्यावर उपाय आहे. मृत्युपत्र करायचं. चार ओळींचा कागद, पेडण्याच्या ऑफिसात एका सकाळचं काम. मी तेव्हा विचार केला, सांगू सावकाश. पंचेचाळिशीच्या धडधाकट माणसाला कसली घाई?

परक्यांना मात्र सांगत सुटले होते. तुयेच्या कारखान्यात जाणारी एक बाई माझ्या शेजारी बसायची, तिलाही मूल नव्हतं. तिला मी भर बसमध्ये जिन्याच्या सगळ्या पायऱ्या समजावल्या, म्हटलं, "आधी घोवाकडून मृत्युपत्र करून घे, लाजू नको." हे मागे उभे राहून सुट्टे पैसे देत होते. ऐकलं असणार. ऐकलंच.

तिसरं वर्ष लागलं आणि ह्यांचा घसा बसला. कंडक्टरचा घसा बसतोच, त्यात कोणाला काय नवल? दिवसभर "म्हापशें, म्हापशें, फाटी सरा" करून बसला असेल, म्हणून आम्ही ज्येष्ठमध, मिरी, मध करत राहिलो. हे ओरडायच्या ऐवजी तळहाताने बसचा पत्रा बडवायला लागले. लोक चेष्टा करायचे, "काय रे, बायल वकील झाली आणि तुजी बोलती बंद?" हे हसून पत्रा आणखी जोरात बडवायचे. त्यात चार महिने गेले. मग बांबोळीच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात दाखवलं. डॉक्टरांनी सांगितलं ते मी नीट ऐकलं, आणि मला एवढंच कळलं की चार महिने फार होतात.

ऑपरेशन झालं, गळ्याला भोक राहिलं, आवाज गेला. घरी आणलं तेव्हा अर्ध्याने उरले होते. कॉलेजात मी आठवड्यातून दोन दिवस जायची, तेही हे हाताने "जा, जा" करून ढकलायचे म्हणून. त्या दोन दिवशी शेजारीण बसायची. लिहायला ह्यांना मी माझीच लांब वही दिली, कौटुंबिक कायद्याची. पुढून माझा अभ्यास, मागून ह्यांचं बोलणं. "चहा." "उशी." "पंखो बंद." "बस गेली?" असं. कधी आम्ही एकाच वेळी ती वही ओढायचो.

मी सगळं शिकले होते, हे लक्षात घ्या. कुठला कागद, कसा करायचा, कोण घरी येऊन करतो, साक्षीदार किती, सगळं. आणि रोज सकाळी ह्यांना पुसून काढताना म्हणायची, बरं दिसतंय आज, सूज उतरली. असं सकाळी म्हणायचं आणि दुपारी म्हणायचं, मृत्युपत्र करूया? दोन्ही एकाच तोंडाने कसं म्हणू? रोज उद्यावर ढकललं.

एका दुपारी हे भिंतीला टेकून बसले होते. मी जेवणाची ताटली उचलत होते. ह्यांनी वही मागितली, लिहिलं आणि माझ्याकडे फिरवली. एकच शब्द. "कागद."

मी तो वाचला. मला कळलं. मी म्हटलं, "पेपर व्हयो? आज उशिरा इलो, देतंय." आणि खुंटीच्या पिशवीतून वर्तमानपत्र काढून ह्यांच्या मांडीवर ठेवलं. हे माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही. मग वर्तमानपत्रावर हात ठेवला, दोनदा थोपटला, मला थोपटल्यासारखा. घडी उघडली नाही. मी ताटली घेऊन मोरीवर गेले आणि ती किती वेळ घासत बसले ते मला ठाऊक.

त्या शब्दाखाली अजून पाऊण पान भरलेलं आहे. "पाणी" आहे, "खिडकी" आहे, "तू जेव" तीनदा आहे. "कागद" परत नाही. अकराव्या दिवशी सकाळी गेले.

परीक्षा मी दिली. पास झाले. काळा कोट घातला, पेडण्याला आत बसायला खुर्ची मिळाली. ती पहिल्यांदा सरकवली गेली तेव्हा सांगायला कोण होतं? आज कोणी नवरा-बायको माझ्याकडे कसल्याही कामाला आली, मुलांच्या दाखल्याला का असेना, मी पहिलं विचारते, मृत्युपत्र केलंत? लोकांना आवडत नाही. एक म्हातारे रागाने उठून गेले होते, म्हणाले, ही वकीलबाई तोंड उघडते तेव्हा स्मशानातलंच बोलते. उठू देत. मी विचारते.

घराचं सांगायचं तर दीर होते तोवर कोणी माझ्या उंबऱ्याला हात लावला नाही. ते गेल्यावर मुलांनी वाटणी मागितली, आणि ती मागायचा त्यांना हक्क होता. पुढची बैठकीची खोली आणि ओटा त्यांच्याकडे गेला. हे बसवरून येऊन ज्या ओट्यावर चपला काढायचे, त्याला आता त्यांचं कुलूप आहे. मी मागच्या दाराने जाते-येते.

पण वारस नोंदवायला आम्ही पेडण्याच्या ऑफिसात गेलो होतो त्या दिवसाचं सांगून थांबते. हे जाऊन चार महिने झाले होते. दीर, जाऊबाई, मी आणि गावातले साक्षीला तीन गृहस्थ. दिरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि सारखा घाम पुसत होते. कारकुनाने कागद वाचला, इंग्रजीत, एका दमात. ह्यांचं नाव, गाव, मृत्यूची तारीख, आणि मग ते तीन शब्द. डाइड विदाऊट इश्यू. पुढे मी अर्ध्याची मालकीण, आणि दीर वारस.

सही करायच्या आधी दीर माझ्याकडे वाकले. भावाच्या नावापुढे काय लिहिलंय ते त्यांना समजून घ्यायचं होतं. बोट ठेवून हळूच म्हणाले, "वयनी, ह्या विदाऊट इश्यू म्हणजे काय लिवलां? दादा घरात सारखो म्हणायचो."

सगळे थांबले होते. कारकून पेन पुढे करून उभा. मी त्या बोटाकडे बघितलं, ह्यांच्यासारखंच बोट, नखावर तसाच काळा डाग.

"काही तक्रार न ठेवता गेला," मी म्हटलं, "असं लिहिलंय."

"तां खरा," दीर म्हणाले, आणि डोळे पुसून सही केली.

मग कागद माझ्यापुढे आला. त्यावर खोटं काही नव्हतं, सगळं कायद्याने बरोबर होतं. खोटं मीच बोलले होते. ह्यांची एक तक्रार होती, ती माझ्या वहीत मागच्या पानावर आहे. मी माझ्या नावापुढे सही केली.