बायकांच्या संडासाची चौकट

“मावशी, संडास हा शब्द शास्त्रात चालत नाही,” सर म्हणाले आणि माझं लेबल मला परत दिलं.

मी कळंब्याच्या बाजूला एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये अटेंडंट आहे. रिटायर झाले होते, पण किड्यांना टाचणी मारायला दुसरं कुणी मिळेना म्हणून परत बोलावलं. शिक्षण चौथी. अक्षर बरं, म्हणून लेबलं मीच लिहिते. किडा टाचणीवर लावायचा आणि खाली चिठ्ठी: कुठं सापडला, कधी, कुणाला. चिठ्ठी नसली तर किडा म्हणजे केरच.

ह्या भुंगेऱ्याच्या चिठ्ठीवर तारखेखाली मी लिहिलं होतं, ‘कॉलेजमागचा बायकांचा संडास, दाराची चौकट. हौसाबाई.’ सकाळी गेले तर हा तिथं बसलेला. मिशा अंगाच्या दुप्पट. मिश्रीचा डबा रिकामा केला, त्याला आत घातलं, आधी माझं काम उरकलं आणि मग लॅबमध्ये नेला.

असल्यांना लाँगहॉर्न म्हणतात. त्यांच्या अळ्या लाकूड पोखरतात. आंब्याच्या खोडातलं भिरूड ह्यांच्याच भावकीतलं.

गडहिंग्लजची आयेशा सरांच्या हाताखाली पीएच.डी. करते. तिनं तीन आठवडे त्याच्यावर घातले. मिशांची कांडी मोजली, पाठीवरचे ठिपके मोजले. शेवटी नराचा खासगी भाग सोडवून मायक्रोस्कोपखाली धरला. जात ओळखायला तिथंच बघावं लागतं. मला सांगताना ती लाजली.

“लाजतीस काय?” मी म्हटलं. “तो मेलाय.”

जात नवी निघाली. सरांनी पेढे वाटले आणि लेबल बदललं. ‘कळंबा तलावाकाठची वृक्षराजी.’ जुनं टाकून द्या म्हणाले. पण जुनं लेबल कधी टाकायचं नसतं, हे सरांनीच मला शिकवलेलं. मी ते नव्याच्या खाली त्याच टाचणीत खुपसलं.

वर्णन बाहेरदेशच्या मासिकाकडे गेलं. उत्तर आलं की एकट्या नरावर भरवसा नाही, जुन्याच जातीतला एखादा वेडावाकडा असेल. त्याच जागेवरून आणखी नमुने आणा, मादी आणा, तर छापू. मुदत दोन महिने. आयेशाची पीएच.डी. ह्या एका भुंगेऱ्यावर अडलेली. पोरगी जेवणाचा डबा उघडेना.

“सर, चौकट बघूया की,” मी म्हटलं.

“तो उडत येऊन बसला असेल, मावशी. चला, छत्र्या घ्या.”

छत्री झाडाखाली उलटी धरायची आणि फांदीवर काठी हाणायची. किडे छत्रीत पडतात. आठ दिवस आम्ही तलावाकाठची झाडं झोडपली. मुंग्या पडल्या. एक सरडा पडला. शेवटच्या दिवशी सर पडले, चिखलात.

नवव्या दिवशी आयेशा रडवेली होऊन पेटी उघडून बसली. टाचणी वर उचलली.

“मावशी, खाली ही दुसरी चिठ्ठी कसली?”

“खरी.”

“पण सर म्हणतात, उडून आला.”

“उडून आला असता तर त्याचं ढुंगण चौकटीच्या भोकात कसं असतं? निम्मा आत, निम्मा बाहेर. मीच ओढून काढला.”

आयेशा उठली ती तडक बाबू सुताराला घेऊन आली. चौकट वर्षापूर्वी त्यानंच बसवलेली. सरांना बायकांच्या संडासात येता येईना. ते बाहेर बदामाखाली उभं राहून ओरडत होते, “दिसतंय का काही?”

बाबूनं चौकट उपसली. भिंतीकडच्या बाजूला साल तशीच होती. ती सोलली, लाकूड चिरलं, तर आत पांढऱ्या अळ्या, दोन कोष आणि एक पुरी वाढलेली मादी. मिशा आखूड, बाकी ठिपके तेच.

“सर!” आयेशा ओरडली. “बाई घरातच हाय!”

झाड कुठलं, तेही वर्णनात लिहावं लागतं. सरांनी बाहेरूनच बाबूला विचारलं.

“कागदावरचं सांगू का खरं सांगू?” बाबू म्हणाला.

“खरं सांग.”

“कागदावर सागवान हाय. खरा वला किंजळ, स्वस्तातलं रानझाड. गारगोटीकडच्या रानातनं आलाय.”

सर एकदम खुलले. “मग झालं! गारगोटीचं जंगल असंच लिहू.”

“सर,” मी म्हटलं, “सापडला कुठं?”

सर बदामाखालून दोन पावलं पुढं आले. मग म्हणाले, “लिही, आयेशा. बायकांचा संडास.”

तसंच छापून आलं, मुदतीच्या आत. आयेशानं मला इंग्रजी वाचून दाखवलं. तिला भुंगेऱ्याला माझं नाव द्यायचं होतं. मी म्हटलं, नाव नको, दार द्या. कारण चौकट आता नमुना झाली होती. ती म्युझियमच्या काचेच्या कपाटात गेली, खाली माझ्या अक्षरात चिठ्ठी, ‘हात लावू नये.’ नव्या चौकटीचा अर्ज ऑफिसात पडून आहे. चार महिने झाले, आम्ही पोत्याच्या पडद्याआड जातो आणि आत असलो की खोकतो.

तेव्हा वस्तू जिथं सापडली, तिथंच सापडली म्हणावं. आणि चौकट उपसायच्या आधी दुसरी करून घ्यावी.