दुसऱ्यांच्या घरातली बाई

बहिणीची मुलं तिला फिरती मावशी म्हणायची. नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, तेव्हा तिने भाड्याची जागा सोडली आणि विंचवासारखं बिऱ्हाड पाठीवर घेतलं. कुठल्या देशात कोणी लांबच्या प्रवासाला निघालं की मावशी त्याच्या घरी राहायला जायची, मांजर-कुत्रं सांभाळायची, झाडांना पाणी घालायची. मालक परतला की बॅग भरून पुढचा देश. पोटापाण्याचं काम लॅपटॉपवर चालायचं. डॉक्टर रोग्यांबद्दल जे बोलून ठेवतात ते हेडफोन लावून ऐकायचं आणि टाइप करून पाठवायचं. कुणाचा गुडघा, कुणाचं मूत्राशय, सगळं तिच्या कानांतून बोटांत उतरायचं.

माणसांवरचा विश्वास मात्र तिने केव्हाच काढून घेतला होता. अगदी पहिल्याच घरी मालकिणीने तिच्यावर कानातलं चोरल्याचा आळ घेतला. ते पुढे वॉशिंग मशीनच्या मागे सापडलं, पण माफीचा एक शब्द आला नाही. तेव्हापासून मावशीने कानाला खडा लावला. नव्या घरात पाऊल टाकलं की आधी प्रत्येक खोलीचे फोटो, मग कपाटं उघडून आतले फोटो, आणि मग चहा. दुधाने पोळलेले लोक ताक फुंकून पितात; मावशी पाणीसुद्धा फुंकून प्यायची.

हे घर गल्लीच्या टोकाला होतं. खाली बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर, वर झोपायच्या खोल्या. मावशीने कामाचं टेबल वर मांडलं. मालक चाळिशीचा, एकटा, हिवाळाभर कामासाठी परदेशी निघालेला.

"घरात कोणी येत नाही," जाताना तो म्हणाला. "एक किल्ली तुमच्याकडे, एक माझ्याकडे. तिसरी नाहीच."

विचारलं नसताना हे एवढं ठासून कशाला सांगायचं? मावशीच्या मनात पाल चुकचुकली. अर्थात, ती कुठल्या घरात चुकचुकली नव्हती म्हणा.

सुरुवातीचे दिवस बरे गेले. मग मालकाचं मांजर जेवेना. वाटी पुढे केली की हुंगायचं आणि शेपूट वर करून चालू लागायचं. आजारी म्हणावं तर अंगाने गुबगुबीत. मग खिडकीतल्या कुंडीची माती ओली दिसली, आणि मावशीने तर पाणी घातलं नव्हतं. एका दुपारी काम आटोपून ती खाली आली, खिडकीजवळच्या खुर्चीत टेकली आणि चटका बसल्यासारखी उठली. खुर्ची गरम होती. मांजराने बसून गरम केली म्हणावं, तर मांजर वर तिच्याच पलंगावर घोरत होतं.

तिने ताईला फोन लावला.

"आधी तिथून नीघ," ताई म्हणाली. "किती वेळा सांगितलं तुला, एका जागी बूड टेकव!"

"अगं, टेकवलं म्हणूनच तर कळलं!"

मावशीचा संशय समोरच्या घरावर गेला. तिथल्या बाईचा पडदा सदानकदा दोन बोटं उघडा असायचा. दुसऱ्या दिवशी मावशीने सरळ जाऊन तिची बेल वाजवली. "तुमच्याकडे आमच्या घराची किल्ली आहे का हो?"

बाईने साखळी न काढताच दार किलकिलं केलं. "माझ्याकडे? तुम्हीच रोज दुपारी त्या म्हाताऱ्याला आत घेता. मालक घरात नसताना! मी गल्लीत नवी आहे, आंधळी नाही."

मावशी तशीच परत फिरली. आपण चोर शोधायला आलो, आणि हिच्या लेखी चोर आपणच.

त्या दुपारी तिने हेडफोन गळ्यात ठेवले आणि कानात काही नसताना उगाच टकटक टाइप करत बसली. थोड्या वेळाने खाली कुलूप फिरलं. पावलं, मग फ्रिजचं दार. जिन्यातली छत्री उचलून मावशी धाडधाड खाली उतरली. खुर्चीत एक म्हातारा कोट घालून बसला होता आणि मांडीवरच्या मांजराला मासळीचे तुकडे भरवत होता.

"कोण तुम्ही?" मावशी ओरडली.

"माझ्या घरात, माझीच छत्री घेऊन माझ्यावर धावून येतेस, आणि वर मलाच विचारतेस?"

तो मालकाचा बाप होता. मुलाने त्याला बाजारामागच्या वृद्धाश्रमात ठेवलं होतं. घरातले नळ फुटलेत, भिंती उकरल्यात, दुरुस्ती झाली की नेतो, असं सांगून. पण म्हाताऱ्याने जुनी किल्ली बुटात दडवली होती.

"एकही नळ फुटलेला नाही," तो म्हणाला. "सगळे उघडून बघितले मी. आणि वर ही तुझी टकटक. मला वाटलं, घर विकायचे कागद तयार होतायत."

मावशीने मालकाला फोन केला. हरवलेली तिसरी किल्ली बापाकडेच असणार, हे ठाऊक असल्याचं त्याने कबूल केलं. "त्यांना आत घेऊ नका," तो पुढे म्हणाला. "त्यांना विसर पडतो. एक दिवस घर पेटवतील."

किल्लीबद्दल खोटं, नळाबद्दल खोटं, मग हेच तेवढं खरं कशावरून? मावशीने म्हाताऱ्याला येऊ दिलं.

आणि एकदा ती दुकानातून परतली तर घर धुराने भरलेलं. पातेल्यातलं दूध जळून कोळसा झालं होतं, गॅस चालूच, आणि म्हातारा खुर्चीत डुलक्या घेत होता. तिने गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या. म्हातारा जागा झाला, त्याने पातेलं पाहिलं आणि बोट रोखलं.

"हे तू केलंस. माझ्यावर ढकलायला."

तो गेल्यावर मावशीने बॅग बाहेर काढली. पुन्हा आळ, पुन्हा परक्याच्या घरात! निघण्यापूर्वी उरलेलं काम संपवावं म्हणून ती लॅपटॉपपुढे बसली. कानात कुणी डॉक्टर सांगत होता, रुग्ण वारंवार घरी जाण्याची मागणी करतो. हे वाक्य तिने आजवर कितीदा टाइप केलं होतं, आणि दर वेळी पुढच्या ओळीवर गेली होती. आज बोटं थांबली. बॅग तिने पुन्हा पलंगाखाली सरकवली.

"किल्ली द्या," दुसऱ्या दिवशी ती म्हणाली. "बेल वाजवा, मी दार उघडीन. गॅसला हात लावायचा नाही."

"किल्ली मागणारा प्रत्येक जण आधी गोड बोलतो."

"मी कुठे गोड बोलतेय?"

म्हाताऱ्याने तिला नीट न्याहाळलं. किल्ली टेबलावर ठेवली, वर हात ठेवला, आणि खूप वेळाने हात उचलला. त्यानंतर तो रोज बेल वाजवायचा आणि दार उघडायला जरा उशीर झाला की म्हणायचा, "बदललंस ना कुलूप?"

हिवाळा सरला, मालक परतला. बाप खुर्चीत बसलेला पाहून त्याचा चेहरा उतरला. "तुम्ही माझ्या पाठीमागे हे..."

"थांबा," मावशी म्हणाली. "तुम्ही किल्लीचं खोटं बोललात, हे तुमचे बाबा गॅसचं. मला दोघांचाही भरवसा नाही. पण ते इथे एकटे राहू शकत नाहीत, हे खरं आहे. आणि उभ्या घराला पडलं म्हणून सांगणं, हे बरं नाही."

"खरं सांगितलं तर रोज विचारतील, मला घरी का नेत नाहीस म्हणून."

"विचारू देत. रोज उत्तर द्या."

मुलगा बॅग उचलून जिन्याकडे निघाला. बाप मात्र खुर्चीतून म्हणाला, "आजपासून सुरू करतो. का नेत नाहीस?" आणि मुलाला बापाशेजारी बसावं लागलं.

शेवटी ठरलं ते असं. रात्री वृद्धाश्रम, दुपारी घर. वरची खोली मावशीने ठेवावी, हवं तेव्हा यावं-जावं, असं मालकाने सुचवलं. फुकटची आया हवी असणार, मावशीच्या मनात आलं. तिने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. व्हिसा संपला आणि ती दुसऱ्या देशात एका म्हाताऱ्या कुत्र्याच्या दिमतीला गेली.

तिथे म्हाताऱ्याचे फोन येत. "तुझ्या खोलीत कोणीतरी शिरतंय. पलंग हललाय. येऊन बघ." मालकाला विचारावं तर तो म्हणे, पलंग जागच्या जागी आहे. मावशी हसायची, पण तिच्या खोलीत कोण शिरतंय, हा घोर तिला खरोखर लागायचा.

नवा व्हिसा मिळताच ती परतली. गल्लीत शिरली तशी समोरच्या बाईने खिडकी उघडली. "परत आलात? किती दिवस?"

"बघू."

"बघू म्हणजे?"

मावशीने बेल वाजवली. म्हाताऱ्याने दार उघडलं, तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. ओळख लागत नव्हती. आतून मुलाने हाक मारली, "कोण आलंय, बाबा?"

"कोण तू?" म्हाताऱ्याने विचारलं.

आजवर असं कोणी विचारलं की मावशी कुणा ना कुणा मालकाचं नाव सांगायची. "मी वरच्या खोलीत राहते," ती म्हणाली.

म्हाताऱ्याला ते तितकंसं पटलेलं दिसलं नाही. पण तो बाजूला सरकला. "मग उंबऱ्यात काय उभी राहिलीस? दार लाव, गार वारा येतोय."