वारंगा फाट्यावर सांडलेली अक्षरं

दुकान चालवलं की दोन गोष्टी न मागता साठतात, खराब फ्लॉप्या आणि किस्से. फ्लॉप्या मी भंगारात दिल्या. किस्से भंगारवाल्यानं घेतले नाहीत, म्हणून तुम्ही घ्या!

हिंगोलीच्या बसस्टँडजवळ माझं टायपिंग आणि पत्रिकांचं दुकान. मी सातवी पास. कॉम्प्युटर मला कुणी शिकवला नाही. एक जण शिकवायला आला होता, पण सारखं 'घाबरू नका' म्हणायचा, म्हणून त्याला हाकलला. मशीननं मला घाबरावं!

नव्वदच्या दशकात कॉम्प्युटरवरची मराठी म्हणजे निव्वळ सोंग. पडद्यावर 'क' दिसायचा, पण मशीनच्या पोटात इंग्रजी खूणच असायची. वरून फाँट चढवला की ती मराठी दिसायची. दुसऱ्या मशीनवर तो फाँट नसला की सगळ्या मजकुराचा चिवडा!

एका गावचे सरपंच माझ्याकडून फ्लॉपी घेऊन नांदेडला छापायला गेले आणि संध्याकाळी तणतणत परत आले.

"अक्का, तुमी मजकूर नीट भरला न्हाई. पार कालवला समदा!"

"इथं तर बराबर होता."

सरपंचांनी फ्लॉपी उलटीपालटी करून पाहिली. "वारंगा फाट्याला गाडी लई आदळली. तवाच मला शंका आल्ती!"

पुढच्या खेपेला त्यांनी फ्लॉपी टॉवेलात गुंडाळून मांडीवर नेली. मी मुकाट्यानं सोबत फाँट दिला होता. श्रेय टॉवेलाला गेलं.

पुढं युनिकोड आलं. कुठल्याही मशीनवर मराठी ती मराठीच. समोर प्रवीण नावाच्या पोरानं चकाचक सेंटर टाकलं आणि माझी गिऱ्हाइकं फोडायला लागला. "अक्काचा माल जुन्या फाँटातला. आता कुठंच उघडणार न्हाई."

खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं. साऱ्या तालुक्याच्या पत्रिका, अहवाल, पूजेची पुस्तकं माझ्याकडं जुन्या फाँटात अडकलेली. ती युनिकोडमध्ये आणता आली नाहीत तर माझ्या दुकानाला कुलूप! मग मी स्वतःच कन्व्हर्टर लिहायला बसले. ही खूण दिसली की 'क' कर, ती दिसली की 'म' कर.

पहिला बळी डॉक्टर. त्यांच्या कार्डावरचं मराठी झकास बदललं. पण माझ्या कन्व्हर्टरला इंग्रजी कुठं ओळखता येत होती? त्यानं डॉक्टरांची एमबीबीएसपण मराठी करून टाकली. नावापुढं चार भलतीच अक्षरं!

डॉक्टर लालबुंद. "अक्का, माझी डिग्री कुठाय?"

मी कार्डं परत घ्यायला हात पुढं केला, तेवढ्यात त्यांचा कंपाउंडर मागून म्हणाला, "राहू द्या ना सर. पेशंट म्हणायलेत, साहेबांनी वरचा कोर्स केला!"

कार्डं परत आली नाहीत.

देवळातल्या गुरुजींची वेगळीच तऱ्हा. त्यांचं पूजेचं पुस्तक मी युनिकोडमध्ये करते म्हटलं, तर विचारतात, "हे कोणत्या कंपनीचं?"

"कुणाचंच नाही. साऱ्या जगाचं."

"म्हणजे बेवारस! देवाला बेवारस अक्षरं चालत नाहीत."

"गुरुजी, देव तरी कोणत्या कंपनीचा?"

गुरुजींनी उपरणं सावरलं. "तो आमच्या घराण्याकडं आहे."

आता कुरुंद्याचे माधवराव. माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. त्यांच्या थोरल्या पोरीच्या लग्नात मोठा चुलता न जेवता निघून गेला होता. का, तर पत्रिकेत त्याचं नाव धाकट्याच्या खाली! आता दुसरीचं लग्न. माधवराव काकुळतीला आलेले. "अक्का, यंदा भावकी उठून गेली तर तोंड दाखवायला जागा न्हाई."

मुहूर्त आणि ठिकाण मी युनिकोडमध्ये नव्यानं टाइप केलं. भावकीची नावं जुन्या पत्रिकेतून उचलली, मोठ्या चुलत्याला वर घेतलं, आणि ती युनिकोडमध्ये बदलायची राहूनच गेली. माझ्या मशीनवर जुना फाँट होता, सगळं सुरेख दिसलं. नांदेडच्या प्रेसकडं तो नव्हता. गठ्ठा तिथून बसनं परस्पर कुरुंद्याला गेला, पत्रिका वाटूनही झाल्या. माझ्या हातात एक आली तेव्हा पाहिलं, भावकीच्या जागी नुसता इंग्रजी चिवडा!

माधवराव आता प्रवीणकडं जाणार आणि त्यांच्यामागं सारं कुरुंदा. तरी मी लग्नाला गेले. तोंड लपवणं मला जमत नाही.

मांडवात मोठा चुलता पत्रिका नाचवत होता. "माधवानं औंदा नावं इंग्लिशमदी छापली. पहिलं माझंच हाय!"

पलीकडच्या कनातीत धाकटा त्याच ओळीवर बोट ठेवून सांगत होता, "हे मी. सगळ्यात वर."

त्याच्या शिकलेल्या जावयानं पत्रिका हातात घेतली. "मामा, ही इंग्लिश न्हाई..."

"तुमाला काय कळतंय? कार्डाची इंग्लिश येगळी असते!"

सगळी भावकी जेवली. काही तर दोनदा जेवले.

पुढच्या महिन्यात कनेरगाव नाक्याचे एक पाटील पोराच्या लग्नाच्या पत्रिकेचा मजकूर घेऊन आले. "अक्का, तारीख मराठीत. आन भावकी त्या कुरुंद्याच्या भाषेत."

मी म्हटलं, "समोर प्रवीणकडं विचारलं का?"

"तिथूनच आलो. त्या पोराच्यानं जमत न्हाई!"