चौथ्या सिलिंडरचे कैवारी

आमच्या साडूंइतकी न्यायाची चाड असलेला माणूस या पृथ्वीवर दुसरा नाही. नवीन पनवेलला त्यांच्याकडे आमरसाचं जेवण असलं की वाट्या आधी वजनकाट्यावर चढतात. घरातल्या दोन पंख्यांना ते आळीपाळीने सुट्टी देतात. त्यामुळे आपल्या जुन्या लाल गाडीत चौथ्या सिलिंडरला हवा कमी मिळते असा संशय आल्यावर त्यांची झोप उडाली, यात नवल नव्हतं. ही गाडी साधी नव्हे. तिला टर्बो बसवल्यापासून ती सुरू झाली की तिसऱ्या मजल्यावरची भांडी वाजत. इंजिनावर हवेची एक पेटी असते, प्लेनम म्हणतात तिला. बाहेरून येणारी हवा चारही सिलिंडरांना वाटायची, एवढंच तिचं काम. कंपनीची पेटी पक्षपाती आहे, असं साडूंचं ठाम मत. मग अल्युमिनियमची नवी, मापाबरहुकूम बनवून घ्यायची की नाही? जुनी पेटी काढून बाल्कनीत ठेवून, गाडी जागेवर उभी करून, ते या प्रश्नावर तीन वर्षं बसले होते.

बसले होते म्हणजे हातावर हात धरून नव्हे. चपलांच्या खोक्यांपासून मिठाईच्या खोक्यांपर्यंत घरातला सगळा पुठ्ठा कापून त्यांनी पेटीचे नमुने केले. "मोठी केली तर वरच्या वेगाला ताकद, पण खालच्या वेगाला आळस. लहान केली तर खाली चपळ, पण वर दम नाही. तुम्हाला काय वाटतं?" हे मला, शाळेत भूगोल शिकवणाऱ्याला! मी एकदा चाचरत "मधली करा" म्हणालो, तर दोन आठवडे माझ्याशी तुटक बोलत होते. सोसायटीचा वॉचमनसुद्धा सलाम ठोकण्याऐवजी "साहेब, पेटीचं काय ठरलं?" असं विचारायचा. जुन्या पनवेलचे हनीफभाई आखातात उमेदीची वर्षं अल्युमिनियम जोडून परतलेले. वेल्डिंग त्यांच्याकडेच व्हायचं होतं. ते म्हणायचे, "साहेब, हा कितवा नमुना? इतक्या वेळात मी जहाज जोडून दिलं असतं. आता बिस्मिल्ला करा."

जीव टांगणीला लागला होता तो ताईंचा, म्हणजे साडूंच्या पत्नीचा, माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा. पेणला सासूबाई फार थकल्या होत्या, आणि जावयाच्या त्या गाजलेल्या गाडीतून एकदा फिरायचं, एवढी एकच इच्छा फोनवर बोलून दाखवत होत्या. साडू म्हणत, "अर्धवट गाडीत मी आईंना बसवणार नाही."

"रिक्षात बसवता ती पूर्ण असते होय?" ताई म्हणायच्या. "अहो, आई किती दिवसांची सोबती आहे, ते मोजा एकदा तुमच्या त्या फूटपट्टीनं."

हे वाक्य मात्र लागलं. महिन्याभरात पेटी तयार होऊन आली, चांदीच्या समईसारखी लखलखीत. रविवारी सकाळी साडूंनी ती बसवली, आम्ही पेढे वाटले, आणि मग कुणीतरी बॉनेट खाली ओढलं. ते लागेना. पेटी चार बोटं उंच झाली होती. तीन वर्षं बॉनेट सतत उघडंच असल्यामुळे ते कधीतरी मिटायचंही असतं, हे साडू साफ विसरले होते. एकूण एक नमुना त्यांनी उघड्या बॉनेटखालीच बसवून पाहिला होता. आता बॉनेटला भोक पाडायचं की पेटी बुटकी करायची? साडूंनी खिशातून कागद काढला. तेवढ्यात ताई पिशवी घेऊन खाली आल्या आणि सरळ गाडीत जाऊन बसल्या.

साडूंनी त्यांच्याकडे पाहिलं, कागदाची घडी घातली आणि बाल्कनीतली ती पक्षपाती पेटी आणायला मला वर पिटाळलं. माझ्या माहितीत साडूंनी जाणूनबुजून केलेला हा पहिला अन्याय. दुपारी गाडी पेणला निघाली.

संध्याकाळी साडू परत आल्यावर मी विचारलं, "काय, इंजिन कसं वाटलं?"

ते किल्ली हातात फिरवत राहिले. "खरं सांगू? ऐकलंच नाही हो. आईंना घेऊन पार खाडीपर्यंत फिरवून आणलं. मायलेकी मागे सबंध वेळ बोलत होत्या."

त्यानंतर तीन आठवड्यांनी सासूबाई गेल्या. मला राहून राहून वाटतं, ती पेटी चार बोटं बुटकी होऊन बॉनेटखाली मावली असती, तर साडू पुढचे सहा महिने इंजिन तिच्याशी जुळवत बसले असते.